तिसऱ्या दिवशीचा मलिदा

बॉन, ८ जानेवारी

दादा,

तुझ्या वकिलाचं पाकीट पोचलं. आत दफनभूमीच्या ऑफिसचा छापील अर्ज होता. ‘उमबेटुंग’, म्हणजे कबर उघडून आतलं दुसरीकडे नेण्याची परवानगी. मृताचं नाव योएल रूबेन नागावकर. नेण्याचं ठिकाण नागाव, तालुका अलिबाग. खाली माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीनं एक फुली. तुझी स्वतःची एक ओळ नाही. सव्वादोन वर्षांनी भावाकडून बहिणीला आलेलं पहिलं टपाल, आणि त्यात काय, तर फुली!

मी सही करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. शांतपणे नाही वाचणार म्हणा, पण वाचशील. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलं आहेस आणि वहिनी दोन शब्दांत हो-नाही करून फोन ठेवते. पण तीस वर्षं अलिबागच्या पोस्टात काढलेला माणूस रजिस्टर पत्र न फोडता परत पाठवणार नाही, एवढी मी तुला ओळखते. पोचपावती जोडली आहे. तुझी सही तेवढी तरी माझ्याकडे येईल.

आता कारण ऐक. एकदा मातीत ठेवलेल्याला हलवायचं नाही. आपल्या शास्त्रात हे स्पष्ट आहे, आणि शास्त्राचा अभ्यास तू नाही, मी केला आहे. इथल्या बाकीच्या दफनभूमींत कबर वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीवर मिळते. मुदत संपली की दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. हाइलब्रॉनजवळ जिथे योएल आहे, ती ज्यू दफनभूमी आहे. तिथली जागा कायमची. त्याला कुणी कधी उठवणार नाही. उठवणार असलाच तर त्याचा बाप, म्हणजे तू.

आणि त्या शुक्रवारबद्दल तू वहिनीकडे अजूनही बोलतोस, ते माझ्या कानावर येतं. सोमवारी अपघात झाला. पोलिसांनी गुरुवारी त्याला आमच्या ताब्यात दिलं. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागायच्या आत, दफन केलं. मृताला ताटकळत ठेवायचं नाही, हाही नियमच. दोन दिवस थांबता आलं नसतं का, असं तू तेव्हा विचारलंस. तेव्हा सांगितलं तेच आज सांगते. इथली मंडळी थांबायला तयार नव्हती.

अर्ज परत पाठवत नाही. माझ्याकडेच राहू दे.

माली


बॉन, २९ जानेवारी

दादा,

पोचपावती आली. ‘रूबेन’मधल्या न ला अजून तेच शेपूट. ती माझ्या टेबलावर ठेवली आहे. सोबत तुझ्या वकिलाचा ईमेलही आला, की थंडीच्या महिन्यांतच कबर उघडू देतात, मार्चअखेरनंतर ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल, तरी बाईंनी त्वरा करावी. बाई म्हणजे मी.

बाईंनी त्वरा केली नाही. पण या आठवड्यात असं काही झालं की ते तुलाच सांगायला हवं.

तू सगळ्यांना सांगायचास, आमची माली चाळिशीत कॉलेजची नोकरी सोडून बोकडांच्या होमावर पीएचडी करायला जर्मनीला गेली. खोटं नव्हतं ते. माझा विषय एकच: मोशेच्या काळातल्या त्या तंबूत, वेदीसमोर आणलेली वस्तू पवित्र होते म्हणजे तिचं काय होतं? इथल्या पोरांना मी सांगते की माझ्या गावात सोवळं नावाची गोष्ट आहे आणि ती याच्या अगदी उलट आहे. सोवळं स्पर्शानं मोडतं. त्या तंबूतलं सर्वांत पवित्र अर्पण मात्र ज्याला शिवेल ते त्याच्यासारखं होऊन जातं. म्हणून पापार्पणाचं मांस ज्या भांड्यात शिजलं, ते मातीचं असेल तर फोडून टाकायचं; धातूचं असेल तर घासून, धुऊन परत वापरायचं. म्हणून काही अर्पणांचा प्रसाद दोन दिवसांत खाऊन संपवायचा. तिसऱ्या दिवशी उरला तर तो खाणं पाप, तो जाळायचा. हे सगळं मी झोपेतही सांगेन.

मंगळवारी आमच्या चर्चासत्रात मी अहरोनाचा प्रसंग मांडला. तूही तो लहानपणी ऐकला आहेस. अहरोन नुकताच याजक, म्हणजे वेदीवरचा पुजारी, झालेला. त्याचे दोन मोठे मुलगे आपल्याच मनानं परका विस्तव घेऊन देवासमोर जातात आणि जागच्या जागी मरतात. अहरोन गप्प. अंगावर अभिषेकाचं तेल असल्यामुळे त्याला केस मोकळे सोडून रडायचीही मुभा नाही. आणि त्याच दिवशी त्याचा धाकटा भाऊ मोशे जाब विचारायला येतो: पापार्पणाचा बोकड कुठे आहे? तो तुम्ही पवित्र जागी बसून खायचा होता, जाळून कसा टाकला? तेव्हा अहरोन म्हणतो, आज माझ्यावर असं ओढवलेलं असताना मी तो खाल्ला असता, तर देवाला आवडलं असतं का? मोशे ऐकून घेतो आणि पुढे काही बोलत नाही. त्याला ते पटतं.

“का पटतं?” प्रोफेसरबाईंनी विचारलं.

मी नियम सांगितले. नुकतंच सुतक लागलेला माणूस पवित्र भाग खाऊ शकतो का, कोणत्या अर्पणात खाऊ शकतो, दहा मिनिटं बोलले.

“बरं, फ्राउ नागावकर,” बाई म्हणाल्या, “नियम तुम्ही नेहमीच बरोबर सांगता. मी नियमाचं विचारलं नाही. मी मोशेचं विचारलं.”

दादा, मला तिथे बसवेना. बाहेर पडले आणि ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले. तीन ट्रामी गेल्या.

योएलच्या तिसाव्या दिवसाला मी नागावला आले होते. वहिनीनं मलिदा केला होता, धुतलेले पोहे, गूळ, ओला नारळ, वेलची, वर पाच फळं. एलियाहू हनाबीचं, आपल्या संदेष्ट्याचं, नाव घेऊन झालं. सगळ्यांना वाटला. तुझी बशी तशीच होती. आणि मी, आपल्या मशिदीतल्या, इथले ज्याला सिनेगॉग म्हणतात तिथल्या, चाळीस माणसांसमोर, तुला म्हणाले, “दादा, खा. हा अर्पणाचा भाग आहे, तो टाकायचा नसतो. मलिदा म्हणजे मूळचं मंदिरातलं धान्याचं अर्पण, हे माझ्या प्रबंधात मी सिद्ध केलं आहे.” तू मान हलवलीस. मी पुन्हा म्हणाले, “एवढासा घास आहे, नियम म्हणून तरी खा.” तू बशी पालथी घातलीस आणि निघून गेलास.

आपण कोकणातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे! आपल्यात याजकाचं एक घराणं नाही, आणि मी तुला याजकाचा नियम लावत होते. एकोणतीस वर्षांचं पोर गेलेल्या माणसाला. तीन वर्षं तो प्रसंग शिकवते आहे आणि त्यातला धाकटा भाऊ मला एकदाही ओळखू आला नाही. मोशेला निदान गप्प बसता आलं.

मी चुकले. फार चुकले.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की पुरलेल्याला हलवायचं नाही. त्याला अपवाद आहे. पूर्वजांच्या शेजारी ठेवण्यासाठी हलवता येतं. नागावला बाबा आहेत, आजोबा आहेत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. लिहिलं नाही.

तरीही सही करत नाही. का, ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

योएल तुझ्याकडे ओट्सच्या मलिद्याबद्दल बोलला होता का? नेकारसुल्मला कारखान्यात लागल्यावर त्याला पोहे मिळाले नाहीत, तेव्हा पठ्ठ्यानं ओट्स भिजवून त्यात गूळ-नारळ घातला आणि तिथल्या मित्रांना खिलवला. मला फोनवर म्हणाला, “आत्या, गेनाऊ, अगदी तशीच चव लागते.” मी त्याला अर्धा तास झापलं. ओट्सचा कधी मलिदा होतो का म्हणून.

माली


बॉन, १६ फेब्रुवारी

दादा,

दुसऱ्या पत्राची पोचपावतीही आली. ती आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता हे तिसरं लिहायला बसले आहे. चहा तिसऱ्यांदा गार झाला. लिहून टाकते.

काल हेर गुरेविचचा फोन आला. हे त्या दफनभूमीचं काम पाहतात. सत्तरीचे, रशियातून आलेले, जर्मन माझ्याहून वाईट बोलतात. योएलला शेवटची अंघोळ त्यांनीच घातली होती. त्यांना अर्जाचं विचारायचं होतं. मार्च जवळ आला, माणसं सांगावी लागतात. मी म्हटलं अजून ठरलं नाही. तेव्हा ते सहज म्हणाले, “या वेळी बाप येणार ना? त्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, कुणी येणार नाही.”

मी फोन ठेवला.

दादा, त्या शुक्रवारी सकाळी सातला तुझा फोन आला होता. व्हिसा झाला, उद्याचं विमान आहे, परवा सकाळी पोचतो, माझ्यासाठी थांबवून ठेव. मी हो म्हणाले. नऊ वाजता गुरेविच मला विचारायला आले: “घरचं कुणी येणार आहे का? बाप येणार असेल तर आपण रविवारपर्यंत थांबू. बापासाठी थांबायला शास्त्राची हरकत नाही.” अगदी याच शब्दांत.

मी त्यांना म्हणाले, “नाही. कुणी येणार नाही.”

आणि मग तुला फोन करून सांगितलं की इथली मंडळी थांबायला तयार नाहीत. तू फोनवर ओरडलास, त्या लोकांना शिव्या दिल्यास. मी ऐकून घेतलं, जणू तुझ्याच बाजूची आहे. तू तिकीट रद्द केलंस. सव्वादोन वर्षं तू ज्या लोकांना दगडाच्या काळजाचे म्हणतोस, त्यांनी दोन दिवस पुढे केले होते. मी ते नाकारले.

का, ते विचारशील. मलाही विचारायला भीती वाटते, म्हणून सरळ लिहिते. ओली पानं, घसरलेली सायकल, मागून ट्रक, हे तुला माहीत आहे. मी तुला सांगितलं होतं की त्याचा चेहरा शांत होता. चेहरा उरला नव्हता, दादा. इस्पितळात ओळख पटवायला मी एकटी होते. मी त्याच्या डाव्या हातावरची भाजल्याची खूण पाहून सांगितलं. तू ते पाहू नयेस असं मला वाटलं. हे खरं आहे, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं असं. त्याला इथे बोलावणारी मी. तू नको म्हणत होतास, मी तुझ्याशी भांडून बोलावला. “माझ्या जबाबदारीवर पाठव” हे माझे शब्द. तू रविवारी दारात उभा राहिला असतास आणि त्याला उघडं पाहून माझ्याकडे वळला असतास. तेवढं सोसायची माझी हिंमत नव्हती. माती पडली की सगळं संपेल असं वाटलं. आणि शास्त्राचा नियम हाताशी होताच. सगळे नियम पाठ असलेल्या बाईला लपायला जागा कमी पडत नाही.

सही का करत नाही, तेही आता कळलं असेल. कबर उघडली तर तू येशील, गुरेविच तुला भेटतील, आणि तो म्हातारा पहिल्या पाच मिनिटांत तुला खरं सांगून टाकेल. म्हणून. योएलच्या शांततेसाठी वगैरे काही नाही.

वहिनीला हे तू सांग. मला तिला लिहिता येणार नाही.

माली


बॉन, ६ मार्च

दादा,

तिसऱ्या पत्राची पोचपावती आलेली नाही. अठरा दिवस झाले. टपालात अडकलं असेल असं म्हणून पाहिलं, पण आधीची दोन्ही पत्रं दहाव्या दिवशी पोचली होती. तू ते घेतलं नाहीस, किंवा घेतलंस आणि सही करायला नकार दिलास. पोस्टमन तुझाच चेला, तो तुझं ऐकेल.

म्हणून वाट न पाहता करते आहे. सही केलेला अर्ज आज मी स्वतः हाइलब्रॉनला नेऊन दिला. त्याची प्रत सोबत आहे. गुरेविचना मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “चोवीस तारखेचा मंगळवार चालेल का बापाला?” मी म्हटलं, त्यालाच विचारा. तुझा नंबर दिला.

माझी काही अट नाही. तू म्हणशील तर मी त्या दिवशी तिथे येणार नाही. नागावला न्यायचं का इथेच ठेवायचं, हे फक्त तू आणि वहिनी ठरवा. माझं काम एका फुलीवर सही करण्याचं होतं, ते मी दोन महिने उशिरा केलं.

माली


बॉन, १२ एप्रिल

दादा,

त्या दोन दिवसांत आपण मिळून वीस वाक्यंसुद्धा बोललो नसू. तू फ्रँकफुर्टला विमानातून उतरलास आणि मला पाहून म्हणालास, “जाड झालीस.” नंतर थेट गाडीत बसलास. तू काय पाहिलंस ते तुला ठाऊक आहे. मी काय पाहिलं ते लिहिते.

गुरेविचनी तुझा हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाले, भाषांतर करा. मी केलं. “तुमच्या मुलाला मी धुतलं. पाणी कोमट घेतलं होतं. त्याचं नाव घेऊन त्याची क्षमा मागितली, जशी मागतात. तोंडावर कापड होतं, ते मी काढलं नाही.” हे वाक्य मला मराठीत करावं लागलं. करताना मी तुझ्याकडे पाहिलं नाही. तू विचारलंस, “हे म्हणाले होते का, थांबतो म्हणून?” मी तेही त्यांना विचारलं. ते म्हणाले, “हो.” याला भाषांतर लागलं नाही.

मला वाटलं आता तू मला मारशील. खरंच वाटलं. तू टोपी काढलीस, पुन्हा घातलीस, आणि माणसांना काम सुरू करायची खूण केलीस. त्यांनी सगळं पांढऱ्या कापडाच्या आडोशात केलं. तू आत गेलास, मी बाहेर थांबले. आत काय झालं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

दुपारी आपण मी दोन दिवसांपुरत्या घेतलेल्या भाड्याच्या घरी आलो. मी सकाळीच उठून मलिदा करून ठेवला होता. बॉनहून येताना पोहे घ्यायचे विसरले, हाताशी ओट्स होते. तू ते ओळखलंस, कारण झाकण काढल्याबरोबर तू बराच वेळ आत पाहत राहिलास. मी दोन बश्या भरल्या. तू खाल्लं नाहीस.

दादा, ती पंधरा मिनिटं मला आयुष्यात सर्वांत जड गेली. तुझ्या बशीकडे पाहत होते आणि सगळे नियम जिभेवर रांगेनं येऊन उभे राहिले होते. मी एकही शब्द बोलले नाही. मग मी माझीही बशी बाजूला सारली. तू ते पाहिलंस. मान वर न करता म्हणालास, “आता शिकलीस.”

मग म्हणालास, “डब्यात भरून दे. घरी गेल्यावर बघू.”

आईचा तो पितळी डबा मी इथे आणलेला तुला माहीत नव्हता. मी त्यात मलिदा भरला. आणि भरता भरता मनात मोजलं: आज मंगळवार, उद्या विमान, परवा नागाव, दफन गुरुवारी. तिसरा दिवस. त्यात ओला नारळ. तिसऱ्या दिवशी ते खाण्याजोगं राहणार नाही, आणि शास्त्रानं तर चालणारच नाही. तोंड उघडलं होतं मी. मिटलं. झाकण घट्ट लावून डबा तुझ्या हातात दिला.

विमानतळावर तू मागे वळून पाहिलं नाहीस. मला वाटलं, झालं, योएलही गेला आणि तूही गेलास, आणि हे बरोबरच आहे. बॉनला येऊन मी प्रबंधातलं अहरोनाचं प्रकरण उघडलं. ‘मोशेला का पटतं’ याखालची दहा पानं खोडली. त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही. प्रोफेसरबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, राहू दे तशीच जागा काही दिवस.

काल तुझं पोस्टकार्ड आलं. त्याच्याबरोबर, एकाच दिवशी, माझ्या तिसऱ्या पत्राची पोचपावतीही आली. तारीख सव्वीस फेब्रुवारी, तुझी सही, न ला शेपूट. म्हणजे तू पत्र घेतलं होतंस, वाचलं होतंस. पावती तेवढी महिनाभर खिशात घेऊन फिरलास. माझ्यासमोर उतरलास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, आणि तरी तू गुरेविचना विचारलंस, माझ्या तोंडून भाषांतर करवून घेतलंस. शिक्षा म्हणून असेल तर ती बरोबर होती.

पोस्टकार्ड मी इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं. तरी उतरवून काढते, कारण तूच हे लिहिलंस यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

“माली, गुरुवारी बाबांच्या शेजारी ठेवला. घरी आल्यावर डबा उघडला. मलिदा आंबला होता. तुझ्या वहिनीनं आणि मी सगळा खाल्ला. डबा फेकला नाही, घासून ठेवलाय. न्यायला ये.”

तिकीट काढलं आहे. वीस तारखेला सकाळी पोचते.

माली